जीपीएस व्हेस्ट घ्यायची का? फुटबॉलमधलं विज्ञान आणि १४ वर्षांचा विंगर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १४ वर्षांचा, कोल्हापुरात शाळेकडून आणि पेठेतल्या मंडळाच्या ज्युनिअर संघाकडून विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळतो. प्रशिक्षकांनी पालकांना जीपीएस व्हेस्ट, म्हणजे धावण्याचं अंतर आणि वेग नोंदवणारं जॅकेट, घ्यायला सुचवलंय, कारण युरोपात सगळे तेच वापरतात. विज्ञान आणि नव्या तंत्रज्ञानाने फुटबॉल नक्की कसा बदलतोय आणि त्यातलं आपल्या मुलासाठी काय घेण्यासारखं आहे, असं वडिलांनी विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं शाळा-क्लबच्या फुटबॉलपटूंबरोबर काम करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: फुटबॉलमधलं सर्वांत भक्कम सिद्ध झालेलं विज्ञान जवळजवळ फुकट मिळतं आणि नेमकं तेच सर्वांत कमी वापरलं जातं. व्हेस्टचा नंबर त्यानंतर लागतो. आता हे का म्हणतोय ते सविस्तर सांगतो.

टीव्हीवर आपल्याला जे तंत्रज्ञान दिसतं ते बहुतेक पंचांच्या मदतीसाठी आहे. २७ जून २०१० ला ब्लोमफॉन्टेनमध्ये विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला. साऱ्या जगाने तो पाहिला, पंचांना मात्र दिसला नाही. दोन वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, खेळाचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने गोललाइन तंत्रज्ञानाला परवानगी दिली. २०१८ च्या विश्वचषकात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांना मदत करायची पद्धत, आली. २०२२ मध्ये कतारला स्टेडियमच्या छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूच्या मधोमध बसवलेला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात ब्रुनो फर्नांडिसचा क्रॉस थेट जाळ्यात गेला आणि रोनाल्डोने तो आपला गोल समजून जल्लोष केला. त्याच्या डोक्याचा चेंडूला स्पर्शच झाला नव्हता, हे त्या सेन्सरने दाखवून दिलं. त्याच वर्षी आपल्याकडे झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकातही व्हीएआर होता. हे सगळं खेळ अधिक न्याय्य करण्यासाठी आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण तुमच्या मुलाच्या पायांशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरा मोठा बदल आकडेमोडीचा. हा तसा नवा नाही. सत्तरच्या दशकात कीवमध्ये व्हॅलेरी लोबानोव्स्की आणि त्यांचे शास्त्रज्ञ सहकारी अनातोली झेलेंत्सोव्ह सामन्यातल्या हालचाली मोजून डायनामो कीवचा सराव आखत होते आणि १९७५ ला त्या संघाने युरोपियन कप विनर्स कप जिंकला. आज त्याला एक्सजीची (एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) जोड आहे. एखाद्या जागेवरून, एखाद्या परिस्थितीत मारलेल्या फटक्यांपैकी साधारण किती गोल होतात, हे हजारो जुन्या फटक्यांवरून काढायचं. पेनल्टीची किंमत या हिशेबात सुमारे पाऊण गोल येते; चिंचोळ्या कोनातून लांबून मारलेल्या फटक्याची एखाद-दोन शतांश. मॅथ्यू बेनहॅम यांचा ब्रेंटफर्ड क्लब याच प्रकारच्या विचारावर खेळाडू निवडत गेला आणि ७४ वर्षांनी, २०२१ मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला. मार्च २०२४ मध्ये गुगल डीपमाइंड आणि लिव्हरपूल यांनी मिळून कॉर्नर किकसाठी तयार केलेली टॅक्टिकएआय ही प्रणाली जाहीर झाली. प्रीमियर लीगमधल्या ७ हजारांहून जास्त कॉर्नरवर ती शिकवली होती आणि तिने सुचवलेल्या मांडण्या क्लबच्या जाणकारांनी प्रत्यक्षातल्या मांडण्यांपेक्षा १० पैकी ९ वेळा पसंत केल्या.

यातलं घरी आणण्यासारखं काय? फोन. कुणालातरी गॅलरीत किंवा शेजारच्या गच्चीवर उंचावर उभं करून आख्खं मैदान दिसेल असं चित्रण करा आणि मुलाबरोबर त्यातली दहाच मिनिटं बघा. चेंडू त्याच्याकडे नसताना तो कुठे उभा होता, एवढंच विचारा. १४ व्या वर्षी विंगरला यातून जितकं कळतं तितकं कुठल्या आकड्यातून कळत नाही.

आता जीपीएस. सामन्यात अंगावर अशी उपकरणं घालायला आयएफएबीने २०१५ मध्ये परवानगी दिली. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक छोटी डबी बसते, ती किती अंतर धावलं, कुठल्या वेगाने, किती वेळा झटक्यात वेग वाढवला किंवा कमी केला हे नोंदवते. मोठ्या क्लबात याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूला किती वेगवान धावायला लावायचं हे ठरवताना. समजा एखादा विंगर सामन्यात एरवी ७०० मीटर अतिवेगाने धावतो, तर सरावात तो हळूहळू त्या आकड्याच्या जवळ आल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवायचं नाही. दोन, आठवड्याचा एकूण ताण पाहताना. दोन्हीसाठी तो आकडा रोज वाचणारा आणि त्यावरून उद्याचा सराव बदलायचा अधिकार असलेला माणूस लागतो. तो माणूस नसेल तर डबी फक्त माहिती साठवते.

मुलांच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. वेगाचे पट्टे बहुधा प्रौढ व्यावसायिकांचे असतात: ताशी १९.८ किलोमीटरच्या पुढे अतिवेग, २५.२ च्या पुढे स्प्रिंट. १४ वर्षांचा मुलगा जीव तोडून धावला तरी त्या शेवटच्या रकान्यात त्याच्या नावावर फारसं काही येत नाही आणि मग तो "स्लो" ठरतो. उंच इमारतींनी वेढलेल्या मैदानावर सिग्नलमध्ये गोंधळ होतो. छोट्या जागेतली वळणं, थांबणं, पुन्हा निघणं जीपीएसला नीट पकडता येत नाही, आणि विंगरचं निम्मं काम तेच. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुमचा मुलगा व्हेस्ट फक्त त्या एका प्रशिक्षकाच्या सरावाला घालणार. शाळेच्या संघाचा सराव, शाळेतला पीटीचा तास, रविवारी मित्रांबरोबर टर्फवर दोन तास, हे कुठेच नोंदलं जाणार नाही. मुलांचे गुडघे नेमके याच न मोजलेल्या तासांनी दुखतात.

म्हणून त्याच्या पायांकडे येतो. विंगरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर पडायच्या अगदी आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत पायाला ब्रेक लावतो. बहुतेक वेळा तो फाटतो त्या क्षणी. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड २००१ पासून युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्या नोंदींत २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो २४ टक्के झाला. म्हणजे ज्या वीस वर्षांत जीपीएस, कॅमेरे, प्रयोगशाळा सगळं आलं, त्याच वीस वर्षांत या दुखापतीचा वाटा दुप्पट झाला. खेळ जास्त वेगवान झाला, सामने वाढले, ही कारणं आहेतच.

पण उपाय माहीत नव्हता असं अजिबात नाही. नॉर्डिक नावाचा एक व्यायाम आहे. मुलाने मऊ जागेवर गुडघे टेकून उभं राहायचं, गुडघ्यांखाली घडी केलेला टॉवेल. जोडीदाराने मागे बसून दोन्ही घोटे जमिनीला घट्ट दाबून धरायचे. मग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून अगदी सावकाश पुढे झुकायचं. कमरेत वाकायचं नाही. सगळी मुलं आधी तीच पळवाट शोधतात, त्यामुळे बाजूला उभं राहून बघणारं कुणीतरी हवं. मांडीच्या मागचा स्नायू जेवढा वेळ धरून ठेवेल तेवढं धरायचं, सुटलं की हातांवर पडायचं, हातांनी ढकलून परत वर. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, जिना उतरताना तोंड वाकडं होईल, ते अपेक्षित आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम नको, एवढं पथ्य पाळा.

डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ फुटबॉलपटूंवर याचा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हा व्यायाम दहा आठवडे टप्प्याटप्प्याने वाढवत नेणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्या. ते खेळाडू प्रौढ होते, तेव्हा तोच आकडा मुलांना जसाच्या तसा लावू नका, पण दिशा स्पष्ट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संशोधकांनी चॅम्पियन्स लीगमधल्या आणि नॉर्वेतल्या ५० क्लबांना विचारलं की हा कार्यक्रम तुम्ही पूर्ण पाळता का. होय म्हणता येईल असे सुमारे ११ टक्के निघाले. ज्यांच्याकडे पैसा, डॉक्टर, यंत्रं सगळं आहे त्यांची ही अवस्था. व्यायाम कंटाळवाणा आहे, दुखवतो आणि त्याचा फायदा दिसत नाही, कारण न झालेली दुखापत कुणाला दिसत नाही. मला या एका गोष्टीची तळमळ सर्वांत जास्त आहे, म्हणून इतकं लिहिलं.

नॉर्डिक हा फिफा ११+ या वॉर्म-अपचाच एक भाग आहे. १५ व्यायाम, सरासरी वीस मिनिटं: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगवान धावणं. चेंडू, खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू आणि मोकळी जागा, बाकी काही लागत नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या १२५ क्लबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. हा वॉर्म-अप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. आपल्याकडे मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, उभ्या उभ्या पाय ताणायचे आणि लगेच शूटिंग सुरू, हीच पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या प्रशिक्षकांना नवं काही सुरू करायचंच असेल तर याने करू द्या. आणि उडी मारून खाली येताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का, हे त्यांना बघायला सांगा. मुलींच्या संघात तर हे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, कारण गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या निदान दुप्पट आहे.

आता वय. १४ हा आकडा या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. मुलांची उंची साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि त्यांचे हाडाला जोडलेले भाग मागून येतात. तेवढा काळ गुडघ्याच्या वाटीखाली टणक, दुखरा उंचवटा येणं, टाच दुखणं, आणि कालपर्यंत सहज जमणारा फर्स्ट टच, म्हणजे आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं, अचानक बिघडणं, हे सगळं होतं. पोरगं आळशी झालं असं समजून त्याला जास्त पळवलं जातं, नेमकं उलट करायची गरज असताना.

यासाठी लागणारं उपकरण म्हणजे भिंत आणि पेन्सिल. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून त्याला उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा, खूण करा, तारीख लिहा, टेपने मोजून आकडाही लिहून ठेवा. महिन्याला अर्धा-पाऊण सेंटीमीटरने सलग दोन-तीन महिने वाढ दिसली की तो वेगाच्या टप्प्यात आहे असं मी धरतो. त्या काळात उड्या, पुन्हापुन्हा स्प्रिंट आणि लांबून सतत शूटिंग कमी करायचं. चेंडूवरचं नियंत्रण, पासिंग, तोलाचे व्यायाम चालू ठेवायचे. टोचल्यासारखं एकाच जागी दुखत असेल, लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

वाढीचा दुसरा परिणाम निवडीवर होतो. एकाच वर्गातल्या दोन १४ वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. इंग्लंडच्या अकादम्या म्हणूनच अधूनमधून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदाच डोकं वापरून खेळावं लागतं आणि उशिरा वाढणाऱ्याला चेंडू मिळतो. वयचोरी पकडायलाही हाडांचाच आधार घेतात. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला ज्या स्पर्धेत भारताकडून खेळला ती हीच. मला भीती वाटते ती ही, की व्हेस्टमधला टॉप स्पीड बघून १४ व्या वर्षी संघ निवडले जातील आणि उशिरा वाढणारी गुणी मुलं घरी बसतील. प्रशिक्षकांना हे स्पष्ट विचारा.

ताण मोजायला एक वही पुरते. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी रुळवलेली पद्धत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आज किती कठीण गेलं? तो म्हणाला सात आणि सराव ६० मिनिटांचा होता, तर ७ गुणिले ६०, म्हणजे ४२०. शाळा, मंडळ, टर्फ, सगळं यात धरायचं आणि रविवारी बेरीज करायची. मागचे तीन आठवडे १८०० च्या आसपास असताना या आठवड्यात स्पर्धेमुळे ३२०० झाले, तर पुढचे तीन-चार दिवस मोकळे सोडा. मध्यंतरी चालू आठवडा आणि मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीचं गुणोत्तर काढून दुखापतीचं भाकीत करायची फार चलती होती. त्या गणितातच दोष आहेत हे पुढे संशोधकांनी दाखवलं, त्यामुळे एखाद्या जादुई आकड्याच्या मागे लागू नका. एकदम मोठी उडी दिसली की थांबायचं, एवढं पुरेसं आहे. त्याच वहीत झोपेचे तास लिहा. लॉस एंजेलिसमधल्या शाळकरी खेळाडूंच्या २०१४ च्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. सकाळी साडेपाचचा सराव आणि रात्री दहापर्यंत क्लास हे दोन्ही एकत्र चालणार नाही. एक सोडावं लागेल.

उन्हाबद्दल थोडंच. फिफा नुसतं तापमान बघत नाही. ऊन, दमटपणा आणि वारा मिळून डब्ल्यूबीजीटी नावाचा आकडा काढतात आणि तो ३२ च्या पुढे गेला की पाण्यासाठी खेळ थांबवतात. २०१४ ला फोर्तालेझात नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात असा थांबा घेतला होता. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी मुलांचे सामने लावले जातात, तिथे प्रत्येक हाफच्या मध्यावर सावलीत तीन मिनिटं पाणी हा नियमच असायला हवा.

डोकं आणि हृदय याबाबत मी कुठलीही तडजोड करत नाही. ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट होतं. पुढच्या विश्लेषणात ते बचावपटूंमध्ये सर्वांत जास्त आणि गोलकीपरमध्ये जवळपास सर्वसामान्यांइतकं निघालं. स्कॉटलंडने १२ वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग बंद केलं. तुमच्या मुलाला हेडिंगचं तंत्र शिकवा, पण हलक्या चेंडूने आणि मोजकंच. लांबून उंच मारलेल्या चेंडूंवर ओळीने तीस हेडर, हा प्रकार बंद. डोक्याला मार लागून तो क्षणभर जरी गोंधळला, तरी त्या दिवशी तो परत मैदानात जाणार नाही. फायनल असली तरी नाही.

आणि हृदय. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर संघासाठी दोन्ही गोल करून मैदानावर कोसळला आणि गेला. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात हृदय थांबून कोसळला. लगेच छातीवर दाब देणं सुरू झालं, मैदानावरच डिफिब्रिलेटर या यंत्राने हृदयाला विजेचा झटका दिला आणि आठ महिन्यांनी तो प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका पेठेतल्या गर्दीतून येईपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. मुलाचा एकदा ईसीजी काढून घ्या, विशेषतः घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा धावताना त्याला चक्कर येत असेल तर.

आता व्हेस्ट. ते आकडे रोज कोण वाचणार, त्यावरून सरावात काय बदलणार, आणि निवडीसाठी वापरणार का, हे प्रशिक्षकांना विचारा. ठोस उत्तरं मिळाली आणि ११+ आधीपासून नियमित चालू असेल, तर जरूर घ्या, मुलांना आकडे बघायला आवडतात आणि त्यातून हुरूप येतो. उत्तरं मिळाली नाहीत, तर सगळ्या पालकांची एक बैठक घ्या. पंधरा-वीस जणांनी व्हेस्टसाठी काढलेले पैसे एकत्र केले तर मैदानासाठी एक एईडी, म्हणजे कुणालाही चालवता येणारा डिफिब्रिलेटर, येऊ शकतो. तो आणि चार पालकांना सीपीआरचं, म्हणजे छातीवर दाब देण्याचं, प्रशिक्षण, ही पहिली खरेदी करा, आणि ते यंत्र कुलपात न ठेवता मैदानाच्या कडेला, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.